रोमन मोहरेची दुसरी बाजू

रोमन साम्राज्याच्या सोन्याच्या नाण्याला ‘ऑरियस’ म्हणत. लॅटिन भाषेत सोन्याला ‘आउरुम’ हा शब्द आहे, त्यावरून हे नाव पडले. या नाण्याची दर्शनी बाजू समजायला सोपी आहे. तिथे सम्राटाचा किंवा त्याच्या घरातील कुणाचा तरी चेहरा असतो आणि भोवती त्याचे नाव व पदव्या कोरलेल्या असतात. कोडे पडते ते नाणे उलटल्यावर. मागच्या बाजूला पुष्कळदा एक स्त्री उभी किंवा बसलेली दिसते. तिच्या हातात तराजू, फुलाची कळी, धान्याची कणसे किंवा भाला असतो. ही स्त्री राणी नसते, आणि ज्युपिटर किंवा मिनर्व्हा यांच्याप्रमाणे जिच्या कथा सांगितल्या जातात अशी देवताही नसते. ती एक गुण असते: एकोपा, निष्ठा, चोखपणा, स्थैर्य, दातृत्व. गुणाला देह देऊन त्याला सोन्यावर बसवण्याची ही रीत ऑगस्टसपासून पुढे सुमारे तीनशे वर्षे रोमन टांकसाळींनी पाळली. तिचा अर्थ लावायचा असेल, तर हे नाणे कुणाच्या हातात पडत होते, हे आधी पाहावे लागते.

सोन्याची नाणी रोममध्ये आधीही अधूनमधून पाडली जात, पण ती मोठ्या प्रमाणावर पाडायला सुरुवात केली ज्युलियस सीझरने, इसवी सनपूर्व ४६ मध्ये. तेव्हा एका रोमन पौंड सोन्यातून ४० नाणी निघत, म्हणजे एकेक नाणे साधारण ८ ग्रॅमचे होते. ऑगस्टसच्या काळात ते थोडे हलके होऊन सुमारे ७.८ ग्रॅमवर आले. आजच्या सराफाच्या दहा ग्रॅमच्या तोळ्याने मोजायचे तर पाऊण तोळ्याहून किंचित जास्त सोने, आणि तेही जवळजवळ शुद्ध. आकाराने हे नाणे लहान होते. त्याचा व्यास जेमतेम २ सेंटिमीटर भरतो. एका ऑरियसचे चांदीचे २५ देनारियस होत आणि पितळेचे १०० सेस्टर्स. ऑगस्टसच्या फौजेतल्या साध्या शिपायाचा वर्षाचा पगार २२५ देनारियस होता, म्हणजे सोन्याच्या हिशेबाने नऊ मोहरा. हा पगार तीन हप्त्यांत मिळत असल्यामुळे एका हप्त्याच्या वाट्याला तीन मोहरा येत. रोजचा भाजीपाला या नाण्याने कुणी घेत नसे. ते फिरे ते शिपाई, अधिकारी, मोठे व्यापारी, जमीनदार आणि सरदार यांच्यात, म्हणजे ज्यांच्या जोरावर सम्राट गादीवर टिके किंवा गादीवरून खाली येई, नेमक्या त्या लोकांत. हेच गुण चांदीच्या आणि तांब्या-पितळेच्या नाण्यांवरही येत असत हे खरे, पण सोन्यावरची भाषा वाचताना समोरचा श्रोता कोण आहे, हे विसरून चालत नाही.

राज्यकर्त्याचे गुण मोजून जाहीर करण्याचा सर्वांत प्रसिद्ध प्रसंग नाण्यावरचा नव्हे, तर ढालीवरचा आहे. इसवी सनपूर्व २७ मध्ये सिनेटने, म्हणजे रोमच्या ज्येष्ठ सरदारांच्या सभेने, ऑक्टेव्हियनला ‘ऑगस्टस’ ही पदवी दिली आणि त्याच्या सन्मानार्थ एक सोन्याची ढाल सभागृहात बसवली. तिच्यावर चार गुण कोरले होते: विर्तुस म्हणजे पराक्रम, क्लेमेंतिया म्हणजे क्षमाशीलता, युस्तितिया म्हणजे न्याय आणि पिएतास. या चौथ्या गुणाला मराठीत एकच एक शब्द नाही. त्याकडे पुढे वळू. या ढालीची संगमरवरी प्रतिकृती दक्षिण फ्रान्समधील आर्ल या शहरात सापडली आहे. ऑगस्टसने आपल्या आत्मवृत्ताच्या अखेरीस या ढालीचा आवर्जून उल्लेख केला, आणि तिचे चित्र त्याच्या सोन्याचांदीच्या नाण्यांवरही उमटले. यादवी युद्धांत हजारो माणसे मारून सत्तेवर आलेल्या पुरुषाला सिनेटने क्षमाशीलतेचे प्रशस्तिपत्र दिले, यातील विसंगती रोमन लोकांच्या लक्षात आली नसेल असे मानण्याचे कारण नाही. परंतु त्यांच्या दृष्टीने ही केवळ स्तुती नव्हती. ज्याला क्षमाशील म्हणून सोन्यात कोरले, त्याला पुढे क्रूर होणे थोडे तरी अवघड जावे, हाही त्यात हेतू होता.

हे सारे गुण स्त्रीरूपात का दिसतात, असा प्रश्न साहजिकच पडतो, विशेषतः विर्तुसच्या बाबतीत. कारण हा शब्दच ‘विर’ म्हणजे पुरुष यावरून आलेला आहे. याचे उत्तर व्याकरणात आहे. लॅटिनमधील बहुतेक भाववाचक नामे स्त्रीलिंगी आहेत, म्हणून त्यांची मूर्तीही स्त्रीची. आपल्याला हे परके वाटू नये, कारण गीतेच्या दहाव्या अध्यायातही कीर्ती, श्री, वाणी, स्मृती, मेधा, धृती आणि क्षमा ही सात नावे स्त्रियांमधील विभूती म्हणूनच येतात. विर्तुसची अडचण रोमन कारागिरांनी तिला शिरस्त्राण चढवून, हातात भाला आणि आखूड तलवार देऊन, युद्धप्रिय ॲमेझॉन स्त्रियांच्या वेषात उभी करून सोडवली. तिचा नेहमीचा जोडीदार ‘होनोस’ म्हणजे मानसन्मान हा मात्र पुल्लिंगी शब्द असल्यामुळे नाण्यावर पुरुष म्हणून येतो. मार्कस ऑरेलियस अजून युवराज होता, तेव्हाच्या त्याच्या ऑरियसवर हा होनोस हातात डहाळी घेऊन उभा आहे.

या स्त्रिया म्हणजे निव्वळ चित्रकाराची कल्पना नव्हती. त्यांना देवळे होती आणि त्यांना नैवेद्य दाखवला जाई. रोमच्या मुख्य चौकात एकोप्याची देवी कॉन्कॉर्दिया हिचे मोठे मंदिर होते, आणि त्याचा इतिहास नाण्यांचा अभ्यास करणाऱ्याने ध्यानात ठेवण्यासारखा आहे. इसवी सनपूर्व १२१ मध्ये ओपिमियस नावाच्या कॉन्सलने, म्हणजे रोमच्या सर्वोच्च अधिकाऱ्याने, गायस ग्राकस हा सुधारक नेता आणि त्याच्या हजारो अनुयायांचा काटा काढला, आणि ते काम उरकल्यावर सिनेटच्या सांगण्यावरून एकोप्याचे हे मंदिर बांधवले. कुणीतरी रात्री जाऊन त्या मंदिरावर ओळ लिहून ठेवली, की बेभान बेकीनेच एकीचे हे देऊळ उभारले आहे. ही हकिकत ग्रीक चरित्रकार प्लूटार्कने नोंदवली आहे. म्हणजे सरकारी एकोप्याची थट्टा करण्याची परंपरा सम्राटांच्या आधीपासूनची आहे.

नाण्यावरची स्त्री कोण आहे हे ओळखायची रीत आपल्या मूर्तिशास्त्रासारखीच आहे. केशव, माधव आणि दामोदर यांच्यातला भेद आपण चार हातांतील शंख, चक्र, गदा आणि पद्म यांच्या क्रमावरून करतो. रोमन माणूसही आयुधे पाहूनच गुण ओळखे, आणि अक्षरे न येणाऱ्यालाही ते जमत असावे. लुगड्याचा घोळ किंचित उचलून दुसऱ्या हातात फुलाची कळी धरणारी ती स्पेस, म्हणजे आशा. सापाला खाऊ घालणारी ती सालुस, म्हणजे आरोग्य आणि कुशल. टोकदार टोपी हातात घेतलेली ती लिबेर्तास, म्हणजे स्वातंत्र्य, कारण दास्यातून सुटलेल्या गुलामाच्या डोक्यावर तशी टोपी चढवत असत. सीझरच्या खुनानंतर त्याचा मारेकरी ब्रूटस याने पाडलेल्या नाण्यावर दोन खंजिरांच्या मधोमध हीच टोपी आहे. फळाफुलांनी ओसंडणारे बोकडाचे शिंग मात्र फसवे आहे. समृद्धीची खूण म्हणून ते इतक्या जणींच्या हातात दिलेले आहे, की केवळ त्यावरून कुणालाच ओळखता येत नाही. नजर नेहमी दुसऱ्या हाताकडे न्यावी लागते.

आता पिएतास. या शब्दावरून आलेला इंग्रजी शब्द देवभक्तीपुरता उरला आहे, पण रोमन अर्थ त्याहून पुष्कळ रुंद होता. देव, आईवडील, मुलेबाळे आणि मायभूमी यांच्याशी जन्मानेच जडलेले जे देणे, ते मनापासून फेडणे म्हणजे पिएतास. आपल्याकडील देवऋण आणि पितृऋण या कल्पना एकत्र केल्या, तर आपण त्या अर्थाच्या बरेच जवळ जातो. रोमन लोकांचा या गुणाचा आदर्श होता ट्रॉयचा वीर एनियस, जो जळत्या नगरातून आपल्या वृद्ध बापाला खांद्यावर घेऊन बाहेर पडला. मराठी वाचकाला इथे कावड खांद्यावर घेतलेला श्रावणबाळ आठवल्यावाचून राहणार नाही. इसवी सनपूर्व ४२ मध्ये पाडलेल्या एका ऑरियसवर दर्शनी बाजूला तरुण ऑक्टेव्हियन आहे आणि मागे बापाला वाहून नेणारा एनियस. त्या वर्षी ऑक्टेव्हियन आपल्या दत्तक पित्याच्या, म्हणजे सीझरच्या, मारेकऱ्यांशी युद्ध करत होता. हे युद्ध सत्तेसाठी नसून पितृऋण फेडण्यासाठी आहे, हा दावा त्या इवल्याशा चित्रात एका शब्दावाचून मांडलेला आहे. सम्राटांच्या काळात पिएतास सामान्यतः डोक्यावरून पदर घेतलेली, वेदीपाशी उभी राहून अर्घ्य देणारी स्त्री म्हणून दिसते. कधी तिच्या कडेवर आणि पायाशी मुले असतात. अँटोनायनस या सम्राटाला तर ‘पायस’ म्हणजे पिएतास असलेला हे उपनावच मिळाले. आपला दत्तक पिता हेड्रियन याला मृत्यूनंतर देवत्व देण्यास सिनेट नाखूश असतानाही त्याने हट्ट धरून ते मिळवले, हे त्या उपनावामागचे एक कारण सांगितले जाते.

तराजू घेतलेली स्त्री पाहिली की आपण तिला लगेच न्यायदेवता म्हणतो, आणि इथे हमखास चूक होते. रोमन नाण्यावर तराजू असतो आएक्वितासच्या हातात. तिला समता म्हणता येईल, पण ‘चोखपणा’ हा शब्द अधिक जवळचा वाटतो: माप चोख, व्यवहार चोख, नाणे चोख. युस्तितिया ही वेगळी. तिच्या हातात सहसा राजदंड आणि अर्घ्यपात्र किंवा ऑलिव्हची डहाळी असते, आणि तिच्या डोळ्यांवर पट्टी कधीच नसते. आएक्वितास आणि टांकसाळीची देवता मोनेता या दोघी दिसायला अगदी सारख्या आहेत, त्या केवळ नावावरून वेगळ्या ओळखू येतात, आणि हा योगायोग नाही. नाण्याचे वजन आणि कस यांची हमी सम्राट देतो, हे सांगणारे चित्र नाण्यावरच असणे योग्यच होते. मात्र हमी आणि प्रत्यक्ष व्यवहार यांत अंतर पडत गेले. रोमला मोठी आग लागली त्या वर्षी, इसवी सन ६४ मध्ये, नीरोने एका पौंडात ४५ नाणी पाडायला सुरुवात केली आणि ऑरियस सुमारे ७.३ ग्रॅमवर आला. कॅराकॅलाने २१५ मध्ये पौंडात ५० नाणी बसवली. सोन्याचा कस दीर्घकाळ टिकला, वजन तेवढे घटत गेले. चांदीच्या नाण्याची दशा मात्र इतकी वाईट झाली, की तिसऱ्या शतकाच्या मध्यानंतर सम्राट गॅलिएनसच्या काळातील नाण्यांत नावापुरती चांदी उरली. त्या तांबूस तुकड्यांवरही आएक्वितास तराजू घेऊन निमूटपणे उभीच आहे.

दातृत्वाची देवी लिबेरालितास ही या सर्वांत अधिक व्यवहारी. तिच्या हातात खाचा पाडलेली एक मोजणीची फळी असते, कारण सम्राट रोमच्या नागरिकांना जे पैसे वाटे, ते या फळीवर मोजून दिले जात. वाटप कितवे, हेही नाण्यावर आकड्यात लिहीत. अँटोनायनस पायसच्या नाण्यांवर ही मोजणी नवव्या वाटपापर्यंत जाते.

या गुणांच्या राजकारणातील उपयोगाचा सर्वांत बोलका नमुना म्हणजे क्लॉडियसची सुरुवातीची मोहर. इसवी सन ४१ च्या जानेवारीत त्याचा पुतण्या कॅलिग्यूला याचा राजवाड्यात खून झाला. पडद्याआड लपलेल्या क्लॉडियसला अंगरक्षक दलाच्या शिपायांनी शोधून काढले, आपल्या छावणीत नेले आणि सम्राट केले. त्याबद्दल त्याने प्रत्येक शिपायाला १५,००० सेस्टर्स कबूल केले, असे रोमन चरित्रकार स्वेटोनियस सांगतो. सोन्यात मोजले तर दरडोई दीडशे मोहरा. लगेच पाडलेल्या सोन्याच्या नाण्यांपैकी एकावर त्या छावणीची तटबंदी आहे आणि दुसऱ्यावर एका शिपायाशी हातमिळवणी करणारा क्लॉडियस. इतकी उघड कबुली क्वचितच कुठल्या राजाने दिली असेल. पण त्याच मालिकेत तिसरेही एक नाणे आहे. त्यावर खुर्चीवर बसलेली स्त्री उजवा हात चेहऱ्याकडे नेते आहे आणि भोवती ‘कॉन्स्टांतियाए आउगुस्ती’ अशी अक्षरे आहेत. ती कॉन्स्टांतिया, म्हणजे अढळ चिकाटी. लंगडत चालणारा आणि अडखळत बोलणारा म्हणून क्लॉडियसची घरच्यांनीच आयुष्यभर टिंगल केली होती, आणि ती सोसूनच तो पन्नाशीपर्यंत जगला होता. शौर्य किंवा विजय त्याच्याजवळ तेव्हा दाखवण्याजोगे नव्हते. सोसणे होते, आणि त्याने तेच गुण म्हणून पुढे केले. त्याच्यानंतर कुणाही सम्राटाने ही देवी वापरली नाही. मला स्वतःला रोमन नाण्यांतील हा सर्वांत प्रामाणिक गुण वाटतो.

बाकीच्यांबद्दल असे म्हणता येत नाही. इसवी सन ६९ मध्ये चार सम्राट एकापाठोपाठ आले. त्यांतील ओथोला गादी मिळाली जानेवारीच्या मध्यात, आणि एप्रिलच्या मध्यात त्याने आत्महत्या केली; या तीन महिन्यांत यादवी पेटलेली असताना त्याच्या ऑरियसवर मजकूर होता, ‘अवघ्या पृथ्वीची शांती’. त्याला हरवणाऱ्या व्हिटेलियसच्या नाण्यांवर एकमेकांत गुंफलेले दोन हात आणि ‘सैन्यांची निष्ठा’ हे शब्द आले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात दुसऱ्या सैन्याने त्याला ठार केले. पुढे १९३ मध्ये तर अंगरक्षक दलाने सम्राट पर्टिनॅक्सला मारून गादी जणू लिलावालाच काढली. पर्टिनॅक्सचा सासरा छावणीच्या आतून आणि डिडियस ज्युलिएनस हा धनिक सिनेटर तटाबाहेरून बोली चढवत गेले, आणि ज्युलिएनसने दरडोई २५,००० सेस्टर्स, म्हणजे अडीचशे मोहरा, बोलून सौदा पटकावला. दाम करी काम. त्याच्या सोन्याच्या नाण्यावर दोन्ही हातांत लष्करी निशाणे धरलेली कॉन्कॉर्दिया आहे आणि मजकूर आहे, ‘शिपायांचा एकोपा’. दूरच्या छावण्यांतील शिपायांनी तोवर आपापले सम्राट जाहीर केले होते. ६६ दिवसांनी ज्युलिएनस मारला गेला.

अशी उदाहरणे वाचली की ही सारी नाणी म्हणजे सरकारी थापा होत्या, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो अपुरा आहे, आणि त्याचा पुरावा नाण्यांवरील व्याकरणातच सापडतो. क्लॉडियसच्या नाण्यावर ‘कॉन्स्टांतिया’ नसून ‘कॉन्स्टांतियाए’ आहे. ही चतुर्थी विभक्ती आहे, म्हणजे ‘सम्राटाच्या चिकाटीला’ अर्पण. आपण ‘श्रीगणेशाय नमः’ म्हणतो तेव्हा तिथेही चतुर्थीच असते. गुण ही सम्राटाची मालमत्ता नाही. ती एक दैवी शक्ती आहे, ती त्याच्या ठायी वास करते, आणि तिने तसाच वास करत राहावे म्हणून तिला वंदन करायचे. ज्युलिएनसचे नाणे म्हणूनच बातमी म्हणून वाचू नये, नवस म्हणून वाचावे. ज्याच्याजवळ जे नाही, त्यासाठीच माणूस नवस बोलतो, आणि शिपायांना दिलेला नवस सोन्यात असला की तो त्यांना समजतोही लवकर.

सम्राटांच्या बायकांच्या वाट्याला वेगळे गुण आले. डोक्यावरचा पदर पुढे ओढणारी पुदिकितिया, म्हणजे शील, ही हेड्रियनची पत्नी सबायना आणि मार्कस ऑरेलियसची पत्नी धाकटी फॉस्टिना यांच्या नाण्यांवर आहे. फॉस्टिनाला डझनभर मुले झाली, आणि तिच्या नाण्यांवर फेकुंदितास, म्हणजे सुपीक मातृत्व, मुलांच्या गराड्यात दिसते. ऑगस्ट १६१ मध्ये तिला जुळे मुलगे झाले तेव्हा सिंहासनावर बसवलेल्या दोन तान्ह्या बाळांचे नाणे निघाले आणि त्यावर मजकूर होता, ‘युगाचे सौभाग्य’. त्या दोघांतला जो जगला, तो कोमोडस. त्याच्या राज्यात जे झाले त्याला सौभाग्य कुणीच म्हणाले नाही. लग्नाची नाणी पाणिग्रहणासारखी असतात: वधूवर उजव्या हातात उजवा हात देऊन उभे. कॅराकॅलाचे प्लॉटिला हिच्याशी २०२ मध्ये लग्न लावले गेले तेव्हा चांदीच्या नाण्यावर अशा जोडप्याभोवती ‘शाश्वत एकोप्याला’ असे कोरले होते. नवरा तिचा द्वेष करत होता. तीनच वर्षांनी तिला हद्दपार केले गेले, आणि सत्ता हाती येताच त्याने तिला ठार करवले.

हे सोने रोमच्या हद्दीत राहिले असते तर आपल्याला ते परदेशी संग्रहालयांतच पाहावे लागले असते. पण मिरी, मोती, सुती कापड आणि मौल्यवान रत्ने यांच्या मोबदल्यात त्यातले बरेच भारतात आले. भारत दरवर्षी रोमचे किमान ५ कोटी सेस्टर्स ओढून नेतो, असे पहिल्या शतकात थोरला प्लिनी या रोमन लेखकाने लिहिले. मोहरांत त्याचे पाच लाख होतात. तमिळनाडूत पुदुक्कोट्टै येथे १८९८ मध्ये ५०१ ऑरियस एका ठिकाणी सापडले, आणि त्यांतल्या बहुतेकांवर सम्राटाच्या चेहऱ्यावर छिन्नीचा आडवा घाव घातलेला होता. हा तुकडा नाणे म्हणून पुन्हा चालू नये, धातू म्हणूनच वजनावर जावा, यासाठी तो घाव असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. काही नाण्यांना सम्राटाच्या डोक्याच्या वर दोन भोके पाडून ती गळ्यात घातलेली आढळतात. महाराष्ट्रात कित्येक शतकांनंतर व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यांचेही असेच झाले. त्यांच्यावर माणसांच्या आकृत्या असल्यामुळे आपण त्यांना पुतळ्या म्हटले आणि त्यांची माळ केली.

रोमन गुणदेवतांची नावे इथे कुणाला ठाऊक नव्हती, पण त्यांच्या हातातले शिंग मात्र इथल्या टांकसाळींत शिरले. कुषाणांच्या सोन्याच्या नाण्यांवर अर्दोक्षो ही समृद्धीची देवी ग्रीक-रोमन पद्धतीचे फळांचे शिंग घेऊन येते. गुप्त सम्राटांनी कुषाणांचा साचा उचलला, देनारियसवरून आलेला ‘दीनार’ हा शब्दही उचलला, आणि समुद्रगुप्ताच्या नाण्यावर तीच देवी तेच शिंग घेऊन सिंहासनावर बसली. मग चंद्रगुप्त दुसरा आणि त्याच्या वंशजांच्या काळात सिंहासनाचे कमळ झाले, शिंगाच्या जागी हातात कमळ आले, आणि नाण्याच्या मागच्या बाजूची ती स्त्री लक्ष्मी झाली.